हुंकाराच्या जागा

सकाळी आरशासमोर उभ्या राहून बाई कानातलं अडकवत होत्या, तेवढ्यात कडेच्या फळीवरचा फोन थरथरला आणि लेकीचा निरोप आला. ‘आई, आज अकराला आहे. त्या दिवशी तू हं म्हणालीस ना, त्या एका हं-वर मी इथवर आले. आज फोन करू नकोस, बंद असेल. झालं की संध्याकाळी मीच करते.’ बाईंनी निरोप वाचला, फिरकी घट्ट केली, दुसरं कानातलं हातात घेतलं आणि तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की अकराला काय आहे हे आपल्याला ठाऊकच नाही. त्यांनी निरोप पुन्हा वाचला. एकही शब्द अवघड नाही, पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वच्छ लिहिण्याचा नमुना म्हणून द्यावा इतका सरळ. फक्त ज्याच्याबद्दल आहे तेवढं त्यात नव्हतं, कारण लेकीच्या समजुतीने ते आईला माहीत होतं. ‘काय आहे अकराला?’ असं त्यांनी टाइप केलं आणि पाठवायच्या आधी खोडलं. एकदा हं म्हणून बसलेल्या माणसाला असं विचारता येत नाही. मग ‘सगळं नीट होईल’ असं लिहिलं आणि तेही खोडलं. काय नीट होईल? शेवटी लाज गिळून त्यांनी सरळ फोन लावला. बंद होता. जावयाचा लावला, तो वाजून वाजून थांबला. एक कानातलं कानात आणि एक हातात, अशा बाई तिथेच उभ्या राहिल्या.

न्याहारीला नवरा पावाला लोणी लावत होता. जमिनी मोजण्यात त्याची सारी नोकरी गेली आणि निवृत्त झाल्यावर आता तो लोणीदेखील हद्द पाहून लावायचा. लेकीचा काही फोन झाला होता का तुमच्याशी, असं बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो हसला. तुम्हा मायलेकींचं काय ते मला शेवटी कळतं, बातमी शिळी झाली की माझ्या ताटात पडते, असं म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. या घरात ते तसंच होतं. लेक आईला सांगे, आई सोयीने बापाला सांगे, आणि बाप, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नसे, तो आपल्या बहिणीला सांगे. बाईंच्या ओठांवर आलं होतं की अहो, तिने मला काहीतरी सांगितलंय आणि मी ऐकलेलंच नाही. पण हे वाक्य पूर्ण आयुष्यात त्यांनी कधी उच्चारलेलं नव्हतं, आणि उच्चारायचं तर त्यांच्या धंद्याचाच मुडदा पडत होता. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि पिशवी उचलली.

कारण बाईंचा जन्म गेला होता तो या हं-वर. तरुणपणी त्या संशोधनाला लागल्या तेव्हा जो तो बोलणाऱ्यांच्या मागे होता. कुणी पुढाऱ्यांची भाषणं, कुणी बातम्या देणारे, कुणी दारोदार वस्तू विकणारे. त्यांचे मार्गदर्शक, सदा सर्दी झालेले, रुमाल नाकाशी धरूनच बोलणारे गृहस्थ, एकदा म्हणाले होते की बोलणाऱ्याकडे सगळं जग बघतं, तुम्ही जरा ऐकणाऱ्याकडे बघा. बाईंनी बघितलं. बघायला त्यांना लांब जावं लागलं नाही. घरी आई होती आणि आईची धाकटी बहीण होती, मावशी, जी रोज दुपारी फोन करून आपल्या सुनेबद्दल बोलायची. दोघींना विचारून बाईंनी फोनला टेपरेकॉर्डर जोडला. मावशीला आधी संकोच वाटला, मग आपलं म्हणणं कुणीतरी जपून ठेवतंय याचा इतका आनंद झाला की सुनेचे अपराध दुप्पट झाले. आई नुसती हं म्हणायची. कपड्यांच्या घड्या घालता घालता हं, डोळे मिटून हं, पुढे सांग असं म्हणणारा हं, अगं बाई गं असं म्हणणारा हं, आता पुरे असं म्हणणारा हं. बाईंनी त्या टेपा इतक्या वेळा ऐकल्या की त्यांना एक गोष्ट दिसायला लागली, जी बोलणाऱ्यालाही ठाऊक नसते. बोलणारा माणूस मध्येच एक जागा सोडतो. शब्द किंचित ओढतो, श्वास घेतो, आणि वाट पाहतो. तिथे हं पडला की गाडी पुढे जाते. नाही पडला तर तो अडखळतो, मागचंच पुन्हा सांगतो, किंवा विचारतो, ‘ऐकतेयस ना?’ बाईंनी त्या थांबण्याला नाव दिलं, हुंकाराची जागा. प्रबंध त्याच्यावर, पुस्तक त्याच्यावर, पदव्युत्तरांना शिकवायचा ‘श्रवण’ हा विषय त्याच्यावर. पुढे फोनवर लोकांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्या मुलामुलींना त्यांनी त्या जागा ओळखायला शिकवल्या, दवाखान्यात खिडकीशी बसणाऱ्यांना शिकवल्या. विद्यार्थी त्यांना मागे हुंकारबाई म्हणत, आणि बाईंना ते माहीत होतं, आणि आवडतही होतं.

म्हणूनच चालता चालता, बसथांब्यावर, बसमधल्या दांड्याला लटकत बाई एकच गोष्ट घोळवत होत्या. दुसरी कुठलीही आई असती तर त्या दिवशी पकडली गेली असती. तिचा हं उशिरा पडला असता किंवा भलत्याच जागी पडला असता, आणि लेक म्हणाली असती, आई, तुझं लक्ष कुठंय? मग आई म्हणाली असती, अगं सॉरी, काय म्हणालीस? घरोघरी असंच होतं आणि कुणाचं काही बिघडत नाही. पण बाईंचा हं चुकत नव्हता. कान आणि घसा यांच्यामध्ये एक रस्ता इतक्या वर्षांत असा घासून गुळगुळीत झाला होता की मन वाटेत नसलं तरी चालत होतं. जागा आली की हं पडायचा, बरोबर चढाचा किंवा उताराचा. गेली काही वर्षं त्यांना याची कल्पना होती. विभागाच्या बैठकांना त्या असंच बसत. नवऱ्याचं जमिनीच्या तंट्यांबद्दलचं बोलणं त्या असंच ऐकत. बैठकांचं ठीक आहे, तिथे सगळेच या कानाने ऐकून त्या कानाने सोडतात. पण लेकीचं बोलणंही कधीपासून त्या रांगेत जाऊन बसलं, हे त्यांना आठवेना.

तो रविवार होता, मागच्याच्या मागचा. बाई खिडकीशी टेबलावर होत्या. कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती, आणि विभागातल्या प्रत्येकाने आपली अध्यापनाची व संशोधनाची पार्श्वभूमी दीडशे शब्दांत द्यायची होती. तीच समितीपुढे वाचायची होती आणि तीच पुढे कॉलेजच्या वेबसाइटवर फोटोखाली जायची होती. बाईंची चारशे शब्दांच्या वर गेली होती. फोन आला तेव्हा त्यांनी तो खांदा आणि गाल यांच्यात धरला आणि समोरचं वाक्य कापायला घेतलं. ‘ऐकणे ही निष्क्रिय कृती नसून’ हे ठेवायचं की काढायचं? लेकीने सुरुवातीला विचारलं होतं, आई, कामात आहेस का? आणि बाई म्हणाल्या होत्या, नाही गं, बोल तू. एवढं स्वच्छ आठवत होतं. त्यानंतर आठवत होतं ते पडद्यावर चमकणारं कर्सरचं टोक, ‘निष्क्रिय’ हा शब्द, आणि फोनमधून येणारा लेकीचा आवाज, सपाट, फारसा चढउतार नसलेला. आता वाटत होतं की तो सपाटपणाच कानाला टोचायला हवा होता. लेक तशी बोलत नाही. लहानपणापासून तिचं बोलणं जिन्यावरून उड्या मारत उतरल्यासारखं. शेवटी तिने काहीतरी विचारलं होतं, कारण शेवट वर गेला होता आणि मग जागा सोडलेली होती, मोठी जागा. बाईंनी तिथे हं म्हटलं होतं. उताराचा, मऊ, ‘आहे मी’ असं म्हणणारा. पुस्तकात त्याच्यावर एक आख्खं प्रकरण होतं.

समितीसाठी मोठ्या खोलीत टेबलं जोडून वर निळं कापड घातलं होतं आणि पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. समितीत तिघं होती: बारीक आवाजाच्या वयस्क अध्यक्षीणबाई, सतत मान हलवणारे एक गृहस्थ, आणि एक तरुण सभासद, ज्याने समोर काहीच लिहायला घेतलं नव्हतं. विभागप्रमुखांनी सुरुवात केली. त्यांची पार्श्वभूमी म्हणजे रेडिओ. वीस वर्षं त्यांनी बातम्या वाचल्या होत्या आणि अजूनही ते पाणी मागितलं तरी कुठेतरी पूर आल्यासारखं वाटे. त्यांच्यानंतर जाहिरातवाले सर, ज्यांनी उमेदीची वर्षं साबण आणि दंतमंजनं खपवण्यात घालवली आणि आता व्यावसायिक नीतिमत्ता शिकवत. मग अफवासर. त्यांनी एका बंद पडत चाललेल्या कारखान्यात अफवा कशा पसरतात याचा अभ्यास केला होता. त्यावर त्यांना पारितोषिक होतं, आणि कॉलेजातली कुठलीही बातमी मात्र त्यांना सर्वांत शेवटी कळे. बाई हे सगळं वर्षानुवर्षं ओळखत होत्या आणि आज त्यांना पहिल्यांदाच ही माणसं केविलवाणी वाटली. जो तो ज्यात आंधळा, त्याचाच पंडित. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. या रांगेत आपण कुठे बसतो हे त्यांना दिसत होतं, आणि तरी मनाचा एक कोपरा अकराला काय असेल याचीच गणितं करत होता. नवी नोकरी असेल, मुलाखत असेल. घर बदलायचं म्हणत होती. लग्न मोडत तर नसेल? या विचाराशी त्या बराच वेळ थांबल्या आणि जावई चांगला आहे, जावई चांगला आहे, असं स्वतःला बजावत राहिल्या.

अफवासर आपल्या मार्गदर्शकांचा उल्लेख करत होते, डॉक्टर अमुक आणि डॉक्टर तमुक, आणि म्हणाले की दोन्ही डॉक्टरांचं मत एकच पडलं. हे वाक्य बाईंनी ऐकलेलं होतं. या आवाजात नाही. ‘दोन्ही डॉक्टर तेच म्हणाले, आई.’ ते रविवारच्या त्या सपाट आवाजातून, ‘निष्क्रिय’ या शब्दाच्या मागून, आत्ता वर आलं होतं. त्यांच्या जगात डॉक्टर म्हणजे प्रबंध लिहिलेला माणूस. कॉलेजच्या जिन्यात दगड फेकला तर डॉक्टरलाच लागेल. म्हणून त्या दिवशी तो शब्द कानाला कुठेच खुपला नसेल. आता त्यांना दवाखान्याचा जिना दिसला, पांढरा दिवा दिसला. दोन डॉक्टर कधी लागतात? पहिल्याचं म्हणणं पटत नाही तेव्हा. पटावंसं वाटत नाही तेव्हा. लेकीला काय झालंय? अजून काही निघतं का म्हणून त्या आत खणत राहिल्या. ‘थांबून उपयोग नाही’ असं काही ती म्हणाली होती का, की हे आपणच आत्ता रचतोय? साऱ्या आयुष्यात लोकांची संभाषणं त्यांनी अक्षर अक्षर करून लिहून काढली होती, खोकला, उसासा, खुर्चीचा आवाज यांच्यासकट. आणि पोटच्या पोरीचं बोलणं, दोन आठवड्यांपूर्वीचं, हातात एका वाक्यापलीकडे येत नव्हतं. विभागप्रमुखांनी त्यांचं नाव पुकारलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजत आले होते.

बाई उठल्या आणि त्यांनी वाचलं. दीडशे शब्द, एकही जास्त नाही. ‘ऐकणे ही निष्क्रिय कृती नसून’ शेवटी ठेवलेलंच होतं. आवाज नेहमीसारखा निघाला याचंच त्यांना नवल वाटलं. मान हलवणाऱ्या गृहस्थांनी मान हलवली. अध्यक्षीणबाईंनी पुस्तकाचं कौतुक केलं. मग तो तरुण सभासद पहिल्यांदा बोलला. त्याने विचारलं की हे सगळं छान आहे, पण जो हं म्हणतोय तो ऐकतोयच, हे कशावरून ठरवायचं? प्रश्न नवा नव्हता. तोंडी परीक्षेत हाच आला होता, आणि उत्तर ठरलेलं होतं, ते बाईंनी दिलं. हुंकार हा पुरावा नाही, ऐकणाऱ्याच्या पुढच्या वाक्यावरून कळतं; ज्याने ऐकलंय त्याचं पुढचं वाक्य बोलणाऱ्याच्या बोलण्यात रुजलेलं असतं. हे म्हणता म्हणता त्यांना आपलं पुढचं वाक्य आठवलं. त्या रविवारी हं म्हटल्यावर, लेक गप्प झाल्यावर, त्या म्हणाल्या होत्या, ‘काळजी घे हं.’ आणि लेक म्हणाली होती, ‘घेते.’ फोन ठेवताना त्या दर वेळी हेच म्हणत. ते कशाच्याही पुढे चालतं. मुलाखत असो, घर असो, मरण असो, त्याच्यापुढे ‘काळजी घे’ हे वाक्य जणू तिथेच उगवल्यासारखं बसतं. बाई मध्येच थांबल्या. सगळे वाट पाहत होते. मग त्या म्हणाल्या, ‘खरं सांगू का? कधीकधी पुढच्या वाक्यावरूनही कळत नाही. बोलणाऱ्याला कधीच कळत नाही.’ विभागप्रमुखांचा चेहरा पडला. तरुण सभासदाने मात्र पेन उघडलं आणि हे लिहून घेतलं. बाईंच्या मागे भिंतीवर अकरा वाजून गेले होते.

जेवणाच्या सुट्टीत सगळे समितीभोवती गोंडा घोळत असताना बाई जिन्याखाली गेल्या आणि जावयाला पुन्हा फोन लावला. उचलला नाही, पण थोड्या वेळाने त्याचा निरोप आला. ‘आत नेलंय. मी बाहेरच आहे. नंतर बोलतो, आई.’ बाईंचा जीव टांगणीला लागला. कुठे आत, कशासाठी आत? लेकीचं गाव आगगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. आत्ता निघालं तरी पोचायला रात्र होईल, आणि पोचून कुठल्या दवाखान्याचं दार ठोठावायचं? जावयाला विचारायचं तर काय म्हणून विचारायचं? तिकडे बाहेरच्या बाकावर बसलेल्या, बायको आत असलेल्या माणसाला सासू विचारणार, तिला काय झालंय रे? त्याला वाटेल, हिला वेडबिड लागलं. किंवा त्याला खरं कळेल, आणि तो आज ना उद्या लेकीला सांगेल, आणि ज्या एका हं-वर ती आत गेली आहे तो पोकळ होता हे तिला कळेल. आत्ता, ती आत असताना, नाही. नंतर सांगू, ती बरी झाली की सांगू. बाईंनी बराच वेळ बोटं अधांतरी धरली आणि शेवटी लिहिलं, ‘काळजी घ्या दोघंही.’ पाठवल्यावर आपण काय लिहिलं ते त्यांनी वाचलं आणि फोन पिशवीत तळाशी टाकला.

दुपार कशी गेली ते त्यांना नंतर सांगता आलं नसतं. त्यांनी एक तास घेतला. पहिल्या बाकावरची मुलगी आपल्या प्रकल्पाबद्दल काही सांगत होती, आणि बाईंना जाणवलं की आपण हं म्हणतोय, नेमक्या जागी, आणि मुलीचा चेहरा फुलत चाललाय. त्यांनी दातांखाली जीभ दाबली. पुढची जागा आली, रिकामी गेली. मुलगी गडबडली, मागचंच वाक्य पुन्हा म्हणाली, मग विचारलं, मॅडम, चुकतंय का? नाही, असं म्हणताना बाईंना रडू येईल की काय असं वाटलं. आईची आठवण आली. कपड्यांच्या घड्या घालत हं म्हणणारी आई. ती ऐकत होती की नाही? इतक्या टेपा, इतके कागद, पण फोन ठेवल्यावर आईला त्यांनी कधी विचारलं नव्हतं, मावशी काय म्हणाली गं? विचारायचं सुचलंच नाही. सगळा प्रबंध त्या एका न विचारलेल्या प्रश्नावर उभा होता आणि आता दोघीही बहिणी उत्तर द्यायला नव्हत्या.

घरी आल्या तेव्हा नवरा फिरायला गेला होता. बाई चपला न काढता फोन समोर ठेवून जेवणाच्या टेबलाशी बसल्या. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. मग फोन आला, आणि लेकीचा आवाज इतका घोगरा होता की क्षणभर त्यांना ती कुणी मोठी, परकी बाई वाटली.

‘झालं, आई,’ ती म्हणाली.

बाईंनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला. त्या ऐकत होत्या. लेक थांबत थांबत बोलत होती. फार दुखलं नाही म्हणाली. नंतर नर्सने विचारलं, बघायचंय का, आणि ती नाही म्हणाली, आणि आता वाटतंय बघायला हवं होतं. एवढंसं असतं म्हणे. चौथा महिना म्हणजे हाताची बोटंसुद्धा आलेली असतात. पण डोकंच घडलं नव्हतं तर बोटं घेऊन काय करायचं, असं डॉक्टर नाही, ती स्वतःच म्हणाली, आणि थांबली. तिथे जागा होती. बाईंनी ती ओळखली आणि त्यांच्या घशातून काहीच निघेना. चौथा महिना. आपण आजी होणार होतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं, तेही असंच कुठल्यातरी हं-मध्ये वाहून गेलं असणार, आणि ते कळायच्या आत ते संपलंही होतं. जे कळल्यावर हसायचं ते आणि जे कळल्यावर रडायचं ते, दोन्ही एकाच वाक्यात त्यांच्या अंगावर आलं. पलीकडे लेक वाट पाहत होती.

‘आई? ऐकतेयस ना?’

‘ऐकतेय गं,’ बाई म्हणाल्या. ‘बोल.’

मग लेक बोलली. सासूबाईंनी आकांत मांडला होता, म्हणाली. आणखी एका डॉक्टरला दाखवा, वाट बघा, काहीतरी चमत्कार होईल. मैत्रिणी सल्ले देत होत्या. नवरा तर माझ्या तोंडाकडेच बघत बसायचा, जणू मीच काय ते ठरवायचं. सगळ्या जगाला काहीतरी म्हणायचं होतं. ‘फक्त तू काही म्हणाली नाहीस. मी विचारलं, आई, मी हे बरोबर करतेय ना, आणि तू नुसतं हं म्हणालीस. इतकं शांतपणे. मला वाटलं होतं तू म्हणशील, थांब, मी येते. त्या रात्री मी खूप वेळ वाट पाहिली तुझ्या फोनची. मग मला कळलं. तुला वाटत होतं मला झेपेल. तुला खात्री होती. म्हणून झेपलं बघ.’

बाईंनी तोंडावर हात ठेवला. आता सांगायचं होतं. दिवसभर त्यांनी स्वतःला वचन दिलं होतं की ती बाहेर आली की सांगायचं. जिभेवर वाक्य तयार होतं, अगं, मी ऐकलंच नव्हतं. ऐकलं असतं तर त्याच रात्री गाडीत बसले असते, तुझ्या उशाशी बसले असते, तू आत गेलीस तेव्हा दाराशी असते. पण ते सांगून काय होणार होतं? झालेलं परत होणार नव्हतं, आणि ज्या एका भिंतीला पाठ टेकून ती आज आत गेली होती ती भिंत कधी नव्हतीच, असं तिला आज, या आवाजात, सांगायचं? स्वतःच्या मनावरचं ओझं उतरवायला ते तिच्या अंगावर टाकायचं? बाई गप्प राहिल्या, आणि गप्प राहणं म्हणजे पुन्हा तेच झालं हे त्यांना कळत होतं.

‘बाबांना तू सांगितलंस ना?’ लेकीने विचारलं. ‘तू सांगशील म्हणाली होतीस. त्यांच्याशी आज नाही बोलवणार मला.’

हेही हं म्हणूनच कबूल केलेलं असणार. ‘आत्ता येतील, तेव्हा सांगते,’ बाई म्हणाल्या. ‘आजवर धीर झाला नाही. आणि उद्या सकाळच्या गाडीने मी निघते.’ कशाला आता, कॉलेज आहे तुझं, असं लेक म्हणाली, पण आवाज फुटला होता, आणि मग ती लहान मुलीसारखी रडायला लागली, आणि जावयाने तिच्या हातातून फोन घेतला.

नवरा आला तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या. दिवा लावलेला नव्हता. त्याने विचारलं, काय झालं? बाईंनी सांगितलं, सरळ, एका दमात. तो दारातच उभा राहून ऐकत होता, हातातली किल्ली तशीच हातात, आणि मध्ये एकदाही त्याने हं केलं नाही. सगळं संपल्यावर खुर्ची ओढून समोर बसला. बराच वेळ टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘तुला कधीपासून माहीत होतं?’

आत्ता, असं म्हणता आलं असतं. तेच खरं होतं. पण हा माणूस खरं पोटात ठेवू शकत नव्हता, आणि ते फिरत फिरत लेकीपर्यंत गेलं असतं. ‘दोन आठवडे झाले,’ बाई म्हणाल्या.

तो चिडेल असं त्यांना वाटलं. चिडावं अशी त्यांची फार इच्छा होती. दोन आठवडे माझ्यापासून लपवलंस, माझीही लेक आहे ती, असं त्याने ओरडून म्हणावं. त्याने त्यांचा हात हातात घेतला. ‘दोन आठवडे,’ तो म्हणाला. ‘रोज समोर बसून माझी बडबड ऐकायचीस, त्या समितीचं करायचीस, आणि आत हे. एकटीने सोसलंस गं.’ बाई मान हलवत राहिल्या, नाही, नाही, आणि त्याला ती मान वेगळीच कळली. रड आता, मोकळी हो, असं म्हणत तो त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, आणि बाई खरंच रडल्या, आणि जितक्या रडल्या तितकी त्याला त्यांची अधिकच दया आली. त्याने त्यांना आत नेऊन निजवलं, पायांवर पांघरूण घातलं, पिण्याचं पाणी उशाशी ठेवलं. मग दार लोटून घेतलं.

थोड्या वेळाने बाहेरच्या खोलीतून त्याचा आवाज आला. बहिणीला फोन लावला होता. हळू बोलायचं म्हणून तो हळू बोलत होता, पण आयुष्यभर मोकळ्या शेतात हाका मारलेल्या माणसाचं हळू ते केवढं असणार? लेकीचं सांगून झालं. ‘आणि हिचं काय सांगू तुला,’ तो म्हणाला. ‘पहिल्या दिवसापासून हिला सगळं माहीत होतं. पोरीने आधी हिलाच सांगितलं. आणि हिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. अशी आई मिळायला भाग्य लागतं.’ बाई अंधारात डोळे उघडे ठेवून पडल्या होत्या, आणि भिंतीपलीकडचा शब्दन् शब्द त्यांना ऐकू येत होता.